पॉल फ्लोरी आणि पॉलिमरचे भौतिक रसायनशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरी वितरण, फ्लोरी-स्टॉकमायर, फ्लोरी-हगिन्स, फ्लोरी-रेनर, फॉक्स-फ्लोरी... हा सगळीकडे एकच फ्लोरी आहे का?

हो, एकच. पॉल जॉन फ्लोरी, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. एमएस्सीला किंवा सेट-नेटच्या तयारीत पॉलिमरचे (छोटे घटक साखळीसारखे जोडून बनलेल्या लांबलचक रेणूंचे) प्रकरण उघडले की दर दोन-चार पानांनी हे नाव येते आणि मुलांना वाटते की एकाच आडनावाचे तीन-चार लोक असावेत. तसे नाही. साखळ्यांच्या लांबीचे गणित, द्रवाचे जेल (न विरघळणारा गोळा) कधी होते याचे गणित, द्रावणाची ऊष्मागतिकी (उष्णता आणि ऊर्जेचा हिशेब), रबराचे फुगणे, साखळी किती जागा व्यापते याचा नियम, या सगळ्यांवर एकाच माणसाने काम केले आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे सूत्र टिकले.

त्यांच्या कारकिर्दीचे टप्पे कोणते?

जन्म १९ जून १९१०, इलिनॉय राज्यातले स्टर्लिंग. वडील धर्मोपदेशक, आई शिक्षिका. इंडियानातल्या मँचेस्टर कॉलेज या छोट्या महाविद्यालयातून १९३१ साली पदवी. तिथल्या कार्ल हॉल या प्राध्यापकांमुळे रसायनशास्त्राची गोडी लागली. मग ओहायो स्टेट विद्यापीठात १९३४ साली पीएचडी.

त्यानंतर १९३४ ते १९३८ ड्यूपाँ कंपनी, १९३८ ते १९४० सिनसिनाटी विद्यापीठ, १९४० ते १९४३ स्टँडर्ड ऑइलची न्यू जर्सीतली प्रयोगशाळा, १९४३ ते १९४८ गुडइयर ही टायर कंपनी, १९४८ ते १९५७ कॉर्नेल विद्यापीठ, १९५७ ते १९६१ पिट्सबर्गची मेलन इन्स्टिट्यूट आणि १९६१ पासून स्टॅनफर्ड. १९७४ साली रसायनशास्त्राचे नोबेल, तेही एकट्याला. १९७५ साली निवृत्ती, पण काम चालूच. ९ सप्टेंबर १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बिग सर इथे निधन.

पीएचडीनंतरच्या पहिल्या चौदा वर्षांपैकी बारा वर्षे त्यांनी कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काढली, आणि ज्या सूत्रांमुळे त्यांचे नाव आज पाठ्यपुस्तकात आहे त्यांतली निम्म्याहून अधिक याच वर्षांतली आहेत.

पॉलिमरचे भौतिक रसायनशास्त्र म्हणजे नेमके काय?

नवे पॉलिमर बनवणे हे संश्लेषण करणाऱ्यांचे काम. बनलेल्या मालात साखळ्या किती लांब आहेत, सगळ्या सारख्या आहेत की लहानमोठ्या, द्रावणात त्या कशा वागतात, वितळल्यावर कशा वाहतात, रबर ताणून सोडले की परत का येते, हे सगळे भौतिक रसायनशास्त्राच्या वाट्याला येते.

फ्लोरी पॉलिमरकडे वळले कसे? पीएचडीचा विषय तोच होता का?

मुळीच नाही. पीएचडी हेरिक जॉन्स्टन यांच्याकडे, विषय नायट्रिक ऑक्साइडचे प्रकाशरसायन. दोन अणूंचा रेणू! १९३४ साली ड्यूपाँच्या विल्मिंग्टन इथल्या केंद्रीय विभागात नोकरी लागली आणि कंपनीने त्यांना वॉलेस कॅरोथर्स यांच्या छोट्या गटात टाकले. त्याच गटाने फेब्रुवारी १९३५ मध्ये पहिल्यांदा नायलॉन ६६ बनवले. म्हणजे विषय त्यांनी निवडला नाही, तो त्यांना नेमून दिला गेला.

त्या काळची हवा थोडी लक्षात घ्यायला हवी. जर्मनीत हर्मान स्टाउडिंगर १९२० पासून सांगत होते की रबर, सेल्युलोज हे खरोखरच लांबलचक रेणू आहेत, छोट्या रेणूंचा गोळा नव्हे. १९३४ पर्यंत तो वाद बहुतेक मिटला होता. मात्र त्याची एक सावली उरली होती: रेणू एवढे मोठे, तर त्यांना नेहमीचे रसायनशास्त्राचे नियम लागू होत नसावेत, असा समज. साखळी वाढेल तशी तिच्या टोकाची क्रियाशीलता मंदावते, असे बरेच जण धरून चालत.

मग ड्यूपाँमध्ये त्यांनी पहिल्यांदा काय केले?

हा समजच उलटा केला. साखळी कितीही लांब असो, तिच्या टोकावरचा गट छोट्या रेणूवरच्या गटाइतकाच क्रियाशील असतो, असे त्यांनी गृहीत धरले. समान क्रियाशीलतेचे तत्त्व म्हणतात ते हेच. एकदा हे मान्य केले की पुढचा प्रश्न शुद्ध संभाव्यतेचा होतो. एकूण गटांपैकी प इतका अंश जोडला गेला असेल, तर एखाद्या साखळीत नेमके क्ष घटक असण्याची शक्यता काय? क्ष वजा एक जोड झालेले हवेत आणि एक न झालेला. म्हणजे प चा (क्ष − १) वा घात गुणिले (१ − प). १९३६ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध आला. फ्लोरी वितरण ते हेच.

सूत्र दोन ओळींचे आहे, पण त्यातून निघणाऱ्या गोष्टी विचित्र आहेत. संख्येने मोजले तर अभिक्रियेच्या कुठल्याही टप्प्यावर सर्वांत जास्त रेणू सुट्या मोनोमरचेच, म्हणजे न जोडलेल्या एकेकट्या घटकांचेच, असतात. वजनाने मोजले तर चित्र वेगळे, तिथे सरासरी लांबीच्या आसपासच्या साखळ्या पुढे येतात. परीक्षेत हा प्रश्न नेहमी चकवतो, म्हणून संख्येने की वजनाने हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट सरासरी लांबीची. ती १ भागिले (१ − प) इतकी येते, आणि हे नाते कॅरोथर्स यांच्या नावाने ओळखले जाते. ९५ टक्के जोडणी झाली तर सरासरी २० घटक, ९९ टक्क्यांना १००, ९९.५ टक्क्यांना २००. इतर रसायनशास्त्रात ९५ टक्के उतारा मिळाला तर पेढे वाटतात. पॉलिएस्टरच्या कारखान्यात ९५ टक्क्यांवर थांबलात तर धागा ओढता येणार नाही.

हे तत्त्व प्रयोगाने सिद्ध झाले का? घट्ट द्रवात साखळ्या मंद हलतात, मग वेग कमी कसा होत नाही?

प्रश्न रास्त आहे आणि त्या काळी हाच आक्षेप घेतला जात होता. फ्लोरींनी ग्लायकॉल आणि अडिपिक आम्ल यांची अभिक्रिया घेतली, वेळोवेळी नमुना काढून उरलेले आम्ल टायट्रेशनने मोजले आणि १९३९ साली आकडे मांडले. द्रव घट्ट होत गेला तरी वेगाचा स्थिरांक ढासळला नाही.

कारण असे. अख्खी साखळी हळू सरकते हे खरे, पण तिचे टोक आपल्या जागेच्या आसपास चपळाईने वळवळत असते. शिवाय घट्ट द्रवात दोन गट एकमेकांजवळ यायला वेळ लागतो तसा दूर जायलाही लागतो. भेटी कमी, पण प्रत्येक भेट लांबलेली. अभिक्रिया होण्यासाठी बहुतेक वेळा पुष्कळ टकरी लागतात, त्यामुळे टकरींची एकूण संख्या तितकीच राहते. अभिक्रिया फारच वेगवान असेल किंवा द्रव जवळपास गोठल्यासारखाच झाला असेल तर हे तत्त्व मोडते. त्या मर्यादेची जाणीव फ्लोरींना होती.

साखळी स्थानांतर हीसुद्धा त्यांचीच कल्पना का?

हो, १९३७ ची. व्हायनिल पॉलिमर वाढताना साखळीच्या टोकावरचा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, फार क्रियाशील गट) शेजारच्या रेणूचा एखादा अणू पळवतो. त्याची साखळी तिथे संपते आणि शेजाऱ्यापासून नवी सुरू होते. कृत्रिम रबर बनवताना साखळ्या फार लांब होऊन माल हाताळता येईनासा होऊ नये म्हणून मर्कॅप्टन (गंधकाचे एक संयुग) घालतात, ते याच तत्त्वावर.

ड्यूपाँ का सोडले?

कॅरोथर्स यांना नैराश्याचा जुना विकार होता. एप्रिल १९३७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी फ्लोरी सिनसिनाटी विद्यापीठाच्या मूलभूत संशोधन प्रयोगशाळेत गेले. दोनच वर्षांत युद्धाचे सावट आले आणि ते पुन्हा उद्योगात परतले, या वेळी रबराच्या कामासाठी.

जेलीकरणाचा सिद्धांत एवढा गाजला तो का?

माझ्या मते फ्लोरींचे सर्वांत देखणे काम हेच. बेकेलाइटसारखे पदार्थ बनवताना एक अनुभव सगळ्यांना होता: द्रव हळूहळू घट्ट होतो, होतो, आणि अचानक एका क्षणी त्याचा न वितळणारा, न विरघळणारा गोळा होतो. भांड्यातच झाला तर भांडे गेले. हा क्षण आधी सांगता येईल का?

फ्लोरींनी १९४१ साली प्रश्न असा मांडला. साखळीवरून चालत निघालात आणि तीन हातांच्या एका घटकापाशी पोचलात. आलात तो एक हात सोडला तर पुढे दोन वाटा. प्रत्येक वाट पुढच्या तशाच घटकापाशी नेण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल तर हा प्रवास कुठेतरी संपतो. निम्म्याहून जास्त असेल तर तो संपायचे नाव घेत नाही, म्हणजे भांड्याएवढा एकच रेणू तयार होतो. सर्वसाधारण नियम: घटकाला फ हात असतील तर सीमा १ भागिले (फ − १). तीन हातांना १/२, चार हातांना १/३. १९४३ साली वॉल्टर स्टॉकमायर यांनी हेच गणित अधिक व्यापक केले, म्हणून जोडनाव.

पडताळणीची पद्धत साधी होती. डायइथिलीन ग्लायकॉल, अडिपिक आम्ल आणि तीन हातांचे ट्रायकार्बालिलिक आम्ल यांचे मिश्रण तापवायचे, त्यात बुडबुडे वर चढताना बघत राहायचे. ज्या क्षणी बुडबुडे जागीच अडकतात तो जेल बिंदू. लगेच आम्ल मोजून किती जोडणी झाली ते काढायचे. सिद्धांत ०.५ म्हणत होता, प्रयोगात सुमारे ०.६ मिळाले.

हा फरक दडवण्यासारखा नव्हता आणि फ्लोरींनी दडवलाही नाही. काही साखळ्या स्वतःच्याच अंगावर वळून जोडल्या जातात, अशा वेटोळ्यांनी जाळे वाढत नाही आणि ती जोडणी वाया जाते. गणितात वेटोळी धरलेली नव्हती. नंतरच्या भौतिकशास्त्रज्ञांनी याच प्रश्नाला पर्कोलेशनच्या (तुकडे जोडत जाऊन सलग जाळे कधी होते या विचाराच्या) भाषेत पुन्हा हात घातला. तिथे फ्लोरींचे उत्तर ‘झाडावरचे’, म्हणजे फांद्या परत एकमेकींना जुळत नाहीत असे धरलेले, उत्तर म्हणून पहिल्या पानावर असते.

युद्धकाळात त्यांनी रबरावर काय काम केले?

जपानने १९४२ साली मलाया आणि आग्नेय आशियातले मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा बहुतेक बंद पडला. कृत्रिम रबर ही चैन राहिली नाही. स्टँडर्ड ऑइलकडे ब्युटाइल रबर होते. त्यातून हवा फार हळू झिरपते, म्हणून ते ट्यूबसाठी उत्तम.

तिथे जॉन रेनर यांच्यासोबत १९४३ साली फ्लोरींनी फुगण्याचा सिद्धांत मांडला. व्हल्कनाइझ केलेला (साखळ्या एकमेकींना गाठींनी जोडून जाळे केलेला) रबराचा तुकडा टोल्युइन या द्रावकात टाका. द्रावक आत शिरू पाहतो, कारण मिसळणे ऊष्मागतिकीला हवे असते. जाळे ताणले जाते आणि विरोध करते. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या की फुगणे थांबते. तुकड्याचे आधीचे आणि नंतरचे वजन घ्या, सूत्रात घाला, जाळ्यात गाठी किती दाट आहेत ते कळते. ही चाचणी आजही टायरच्या प्रयोगशाळांत नेमाने होते. तराजू, झाकणाची बाटली आणि थोडा धीर, एवढ्यात रेणूच्या पातळीवरचा आकडा मिळतो.

रबराच्या ताणामागे ऊर्जा कमी आणि एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचे माप) जास्त असते, हे पटत नसेल तर रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावा. गरम लागतो. काही क्षण ताणलेलाच धरून मग सैल सोडा आणि पुन्हा लावा, गार लागतो. ही घटना फ्लोरींच्या फार आधीपासून ठाऊक होती. त्यांनी तिच्याभोवतीचे जाळ्याचे गणित पक्के केले.

फ्लोरी-हगिन्स सिद्धांतातले हगिन्स कोण? आणि आधी कोणी मांडला?

मॉरिस हगिन्स हे कोडॅक कंपनीत होते. दोघांनी १९४१ साली स्वतंत्रपणे, काही महिन्यांच्या अंतराने तीच कल्पना प्रसिद्ध केली. तारखा पाहिल्या तर हगिन्स यांचे टिपण आधी आले. एक फोटो फिल्मच्या कंपनीत, एक तेल कंपनीत, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कल्पना अशी: जागेच्या चौकटी आखा. एका चौकटीत द्रावकाचा एक रेणू किंवा साखळीचा एक तुकडा. साखळीचे तुकडे एकमेकांना जोडलेले असल्याने त्यांना मोकळे विखुरता येत नाही, म्हणून मिसळण्याची एन्ट्रॉपी सुट्या रेणूंपेक्षा फार कमी मिळते. रेणूंची संख्या नव्हे, त्यांनी व्यापलेला घनफळाचा अंश सूत्रात येतो. उरलेला सगळा आवडीनिवडीचा हिशेब एका अंकात कोंबला आहे, तो फ्लोरी-हगिन्स अंक. लांब साखळीसाठी हा अंक ०.५ च्या खाली असेल तर द्रावक चांगला.

या सिद्धांताचा रोजच्या जगण्याशी काही संबंध?

प्लॅस्टिकच्या पुनर्वापराची अडचण याच सूत्रात आहे. द्रावक आणि साखळी असेल तर या अंकाची सीमा ०.५. पण दोन्ही बाजूंना न इतक्या लांबीच्या साखळ्या असतील तर सीमा २ भागिले न. हजार घटकांच्या साखळ्या असतील तर ०.००२. म्हणजे दोन प्लॅस्टिकमध्ये किंचितशी नावड असली तरी ती मिसळायला नकार देतात. म्हणूनच भंगारवाल्याकडे पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पीईटी वेगवेगळे निवडावे लागते. सगळे एकत्र वितळवले तर आत वेगवेगळे थेंब राहतात, त्यांच्या सीमा कच्च्या राहतात आणि वस्तू तिथेच फुटते. यंत्र महागडे आणले म्हणून हे टळत नाही.

थीटा तापमान म्हणजे काय?

इथे कारकिर्दीचा दुसरा भाग सुरू होतो. १९४८ च्या वसंतात पीटर डेबाय यांच्या आमंत्रणावरून फ्लोरी कॉर्नेलमध्ये बेकर व्याख्याने द्यायला गेले. त्या मुक्कामातच साखळीच्या ‘वर्जित आकारमाना’चा प्रश्न कसा सोडवायचा हे सुचले, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. त्याच वर्षी ते कॉर्नेलमध्ये प्राध्यापक झाले.

प्रश्न असा. साखळी जर स्वतःला आरपार छेदू शकत असती, तर तिचा आकार दिशाहीन भटकण्यासारखा, म्हणजे न च्या (साखळीतल्या घटकांच्या संख्येच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात असता. पण खरी साखळी जागा अडवते. एका तुकड्याच्या जागी दुसरा येऊ शकत नाही, म्हणून ती फुगते. किती फुगते?

फ्लोरींनी दोनच पदे लिहिली. एक पद तुकड्यांच्या परस्पर ढकलण्याचे, साखळीला फुगवणारे. दुसरे ताणल्यामुळे एन्ट्रॉपी घटण्याचे, तिला आवरणारे. दोन्हींची बेरीज किमान केली की आकार न च्या ३/५ घाताच्या प्रमाणात येतो. न दहा हजार धरा: वर्गमुळाने १००, फ्लोरींच्या नियमाने सुमारे २५०. म्हणजे अडीचपट.

आता द्रावक थोडा वाईट घेतला तर तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. एका ठरावीक तापमानाला ही ओढ आणि जागेची अडचण यांची नेमकी फिटंफाट होते आणि साखळी आदर्श, म्हणजे स्वतःला आरपार छेदू शकणारी, असल्यासारखी वागते. ते थीटा तापमान. सायक्लोहेक्झेनमधल्या पॉलिस्टायरीनसाठी ते साधारण ३४ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मेच्या दुपारी नागपुरात बाटली उघड्यावर ठेवली तर सहज ओलांडले जाईल! या तापमानाला मोजलेल्या आकारावरून साखळीची स्वतःची, द्रावकाच्या प्रभावाशिवायची ठेवण कळते. थॉमस फॉक्स यांच्याबरोबर फ्लोरींनी हे श्यानतेशी (द्रवाच्या दाटपणाशी) जोडले आणि साध्या काचेच्या श्यानतामापीतून रेणूचा आकार काढायची वाट खुली झाली.

आज घातांक ०.५८८ मानतात. मग फ्लोरींचे ०.६ चुकले म्हणायचे का?

दहा हजार घटकांच्या साखळीसाठी ०.५८८ घेतले तर सुमारे २२५ येते, ०.६ घेतले तर २५०. दोन पदांच्या गणितासाठी हे फारच जवळचे आहे. पण जवळ का आले, याचे उत्तर थोडे खट्याळ आहे. फ्लोरींनी ढकलण्याचे पद खऱ्यापेक्षा मोठे धरले होते आणि ताणाचे पदही मोठे धरले होते. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एक पद ‘सुधारून’ बघितलेत तर उत्तर बिघडते, अनेकांचा हा अनुभव आहे. १९७२ साली फ्रान्सच्या पियेर-जिल द जेन यांनी हा प्रश्न चुंबकत्वाच्या सिद्धांताशी जोडून दाखवला आणि नंतर अचूक आकडा मिळाला. द जेन यांना १९९१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

चूक-बरोबर या खात्यात हे टाकता येत नाही. कोणती गोष्ट हिशेबात धरायची आणि कोणती सोडून द्यायची, याची फ्लोरींना जबर जाण होती. ती गणितातून आली नसून वर्षानुवर्षे मोजमापे हाताळण्यातून आली, असे मला वाटते.

द्रावण नको, नुसता वितळलेला पॉलिमर घेतला तर साखळी फुगते का?

नाही, आणि हे फ्लोरींचे सर्वांत धाडसी विधान. चारी बाजूंनी दुसऱ्या साखळ्या असताना फुगून काही पदरात पडत नाही. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये बाजूला सरकून मोकळी जागा मिळत नाही, तसेच. म्हणून वितळलेल्या अवस्थेत प्रत्येक साखळी आदर्श असते. वीसेक वर्षे यावर बरेच जण शंका घेत राहिले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि फ्रान्समधल्या गटांनी काही साखळ्यांत हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घालून न्यूट्रॉन विकिरणाने त्यांचा आकार मोजला. फ्लोरींचे म्हणणे खरे निघाले.

मेलन इन्स्टिट्यूटमध्ये चारच वर्षे का राहिले?

मूलभूत संशोधनाचा मोठा कार्यक्रम उभारायच्या बोलीवर ते १९५७ साली तिथे संचालक म्हणून गेले. पुढे ती संधी काढून घेतली गेली, असे त्यांनी नोबेलच्या आत्मपरिचयात एका वाक्यात लिहून विषय संपवला आहे. १९६१ साली ते स्टॅनफर्डला गेले.

स्टॅनफर्डमध्ये काय नवीन केले?

तोवरच्या सिद्धांतात साखळी म्हणजे नुसती दोरी होती. पॉलिथीन आणि पॉलिस्टायरीन यांतला फरक कुठेच दिसत नव्हता. लेनिनग्राडच्या मिखाइल व्होल्केन्श्टाइन यांच्या गटाने सुरू केलेला ‘वळणाच्या ठरावीक अवस्थां’चा विचार फ्लोरींनी उचलला आणि पूर्णत्वाला नेला. कार्बनच्या प्रत्येक बंधाला फिरण्याच्या तीनच सोयीच्या जागा: एक सरळ, दोन वाकड्या. वाकडीला मोलमागे साधारण दोन किलोजूल जास्त लागतात. शिवाय शेजारशेजारचे दोन बंध विरुद्ध बाजूंना वाकले तर अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून एका बंधाची अवस्था शेजाऱ्यावर अवलंबून. हा सगळा हिशेब मॅट्रिक्सच्या गुणाकारांनी मांडता येतो आणि उत्तर थेट प्रयोगाशी ताडता येते.

एक आकडा हाताशी असू द्या. पॉलिथीनच्या साखळीत दहा हजार बंध धरले तर पूर्ण ताणलेली लांबी सुमारे १,२७० नॅनोमीटर. वितळलेल्या अवस्थेत तिच्या दोन टोकांतले सरासरी अंतर मात्र फक्त ४० नॅनोमीटरच्या आसपास. रबर एवढे का ताणले जाते, याचे उत्तर या दोन आकड्यांतल्या दरीत आहे. १९६९ साली त्यांचा दुसरा ग्रंथ आला, तो याच विषयावर.

त्यांचे सगळेच म्हणणे मान्य झाले का? वाद नव्हते?

होते, आणि कडाक्याचे. १९५७ साली ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी दाखवले की पॉलिथीनचे स्फटिक जेमतेम दहा नॅनोमीटर जाडीचे असतात, आणि साखळ्या त्यात उभ्या असतात. म्हणजे साखळी पुन्हा पुन्हा घडी घालत असणार. केलर यांच्या चित्रात ती बाहेर येते आणि लगतच्याच जागी परत आत शिरते. फ्लोरींना हे पटले नाही. एवढी शिस्त पाळायला साखळीला वेळ कुठे मिळतो? ती बाहेर येऊन कुठेही दूर परत शिरत असणार, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरच्या तारांसारखी गुंतागुंत, असे त्यांचे चित्र. १९७९ साली केंब्रिजच्या फॅरेडे चर्चासत्रात दोन्ही पक्ष समोरासमोर आले.

आजचे मत दोघांना थोडे थोडे देते. पातळ द्रावणातून वाढवलेल्या स्फटिकांत केलर यांचे चित्र बरेचसे लागू पडते. वितळलेल्या मालातून थंड केलेल्या पॉलिमरमध्ये फ्लोरींच्या गुंत्याला बरीच जागा आहे.

नोबेल कोणत्या शोधासाठी मिळाले?

एका शोधासाठी नाही. महारेणूंच्या भौतिक रसायनशास्त्रातल्या मूलभूत सैद्धांतिक आणि प्रायोगिक कामासाठी, असे पुरस्काराचे शब्द आहेत. ‘प्रायोगिक’ हा शब्द लोक विसरतात.

विज्ञानाबाहेर त्यांची ओळख काय?

नोबेलनंतर मिळालेले वजन त्यांनी सोव्हिएत संघातल्या छळ सोसणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी वापरले. आंद्रेई साखारोव, युरी ऑर्लोव आणि अनातोली श्चारान्स्की यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञांत ते आघाडीवर होते.

महाराष्ट्रात या विषयाचे काम कुठे चालते?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरची मोठी परंपरा आहे. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले रघुनाथ माशेलकर १९७६ साली तिथे आले. पाण्याने फुगणाऱ्या जेलवर त्यांच्या गटाने काम केले, आणि अशा जेलचा कोणताही सिद्धांत फ्लोरी-रेनरपासूनच सुरू करावा लागतो. यूडीसीटी म्हणजे माटुंग्याची आजची आयसीटी, तिथेही पॉलिमर शिकवतात.

कारखान्यातले उदाहरण हवे असेल तर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर बनते. पॉलिएस्टरच्या कुठल्याही कारखान्यात शेवटच्या टप्प्याला सुमारे २८० अंशांवर जोरदार निर्वात लावून ग्लायकॉल खेचून काढतात. एवढा खटाटोप का, हे वरच्या ९५ आणि ९९ टक्क्यांच्या हिशेबावरून कळेल.

१९५३ चा त्यांचा ग्रंथ आज वाचावा का? कुठून सुरुवात करावी?

‘प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री’ कॉर्नेल विद्यापीठाने छापला. सहाशेहून अधिक पानांचा आहे, सलग वाचायच्या भानगडीत पडू नये. जेलीकरणाचे नववे प्रकरण आधी घ्या, त्याला बारावीनंतरची संभाव्यता पुरते. मग रबराचे अकरावे. द्रावणांचे बारावे प्रकरण त्यानंतर, कारण तिथे ऊष्मागतिकीची उजळणी लागते. स्फटिकांबद्दल आणि वितळलेल्या पॉलिमरच्या प्रवाहाबद्दल मात्र नवे पुस्तक पाहावे, तो भाग फार पुढे गेला आहे.

वाचताना एक सांभाळा. ऊर्जा तिथे कॅलरीत आहे, आणि आजच्या पुस्तकांतली चिन्हे जागोजागी वेगळी आहेत. त्यांचे सूत्र आणि आजच्या पुस्तकातला आकडा यांची सरमिसळ केली की गणित हमखास फसते, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर चिन्हांचा तक्ता स्वतः करून ठेवावा.